खर्चाला वाटेकरी, मजकुराला नाही

पुण्यातल्या एका लहान, संशोधनपर ग्रंथ काढणाऱ्या प्रकाशनसंस्थेतला कामाचा दिवस

सकाळी ६.३०

फोन सुरू व्हायच्या आत जेवढं प्रूफ वाचून होतं तेवढंच खरं. नंतर दिवसभर नुसती पानं उलटली जातात. सध्या टेबलावर आहे ते पांझरा खोऱ्यातल्या अठराव्या शतकातल्या पाणीतंट्यांवरचं पुस्तक. धुळे जिल्ह्यातली फडपद्धती पुष्कळांना ऐकून माहीत असते: नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून काढलेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड आणि एका फडात सगळ्यांचं मिळून एकच पीक. पाण्याची पाळी आधी कुणाची, पाटातला गाळ कुणी काढायचा, यावरून जुंपली की प्रकरण गोतसभेपुढं जायचं; तिथं मिटलं नाही तर पुण्याला, हुजुरात. ते मोडी कागद पेशवे दफ्तरात आहेत. खानदेशातल्या एका महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या सरांनी सुट्ट्यांमागून सुट्ट्या पुण्यात काढून ते वाचले आणि बाळबोधीत उतरवून घेतले.

पृष्ठ १४३, तळटीप ६. निवाडपत्राची तारीख आहे ‘छ ५ जिल्काद, इहिदे सबैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. सुहूर सन ११७१. सरांनी त्यात ५९९ मिळवून इसवी सन १७७० लिहिलं आहे. पण सुहूर वर्ष मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबर अखेरपर्यंतच्या तारखांना ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखांना ६००. मोडकांची जंत्री काढून पाहिली. त्या वर्षीचा जिल्काद फेब्रुवारीत येतो. निवाडा १७७१ चा.

नुसता एका वर्षाचा फरक असता तर समासात खूण करून पुढं गेले असते. पण याच प्रकरणातला दुसरा एक कागद सांगतो, की तंट्यातले थोरले वतनदार १७७० च्या कार्तिकात वारले. म्हणजे बनावट महजर हजर केल्याबद्दल हुजुरातून ज्याच्यावर ठपका आला, ज्याला गुन्हेगारी म्हणजे दंड भरावा लागला, तो बाप नसून मुलगा. आणि या मुलापासून चालत आलेल्या शाखेच्या विश्वस्त निधीनंच या पुस्तकाला हातभार लावायचं कबूल केलं आहे. बैठक आजच, दुपारी अडीचला.

लाल पेनानं शून्याचा एक केला. शेजारी लिहिलं, ‘सर, पाहावे’. पानाचा फोटो काढून त्यांना पाठवला. आंघोळ होईपर्यंत उत्तर आलं होतं: ‘बरोबर आहे, मॅडम. आता पुढचे दोन परिच्छेद नव्यानं लिहावे लागतील. आज रात्री देतो.’

सकाळी ९.४५

कचेरी म्हणजे सदाशिव पेठेतल्या एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या इमारतीतल्या दोन खोल्या. भाडं नाममात्र. त्याच्या बदल्यात संस्थेच्या त्रैमासिकाची मांडणी आणि मुद्रितशोधन आम्ही करतो, पैसे घेत नाही. बाजारभावानं जागा घ्यायची तर वर्षाला दोन ग्रंथ कमी काढावे लागतील. करारात हे सगळं एका पानावर लिहिलेलं आहे आणि त्या एका पानावर आमचा बराचसा डोलारा उभा आहे.

कचेरीत आम्ही तिघं: मी, मांडणी करणारा मुलगा, आणि हिशेब, पार्सलं व उधारीची वसुली बघणाऱ्या काकू. मांडणीवाला आज वैतागलेला आहे. सरांची जुनी प्रकरणं श्रीलिपीत टाईप केलेली. ती युनिकोडमध्ये आणली की ‘दुसऱ्या’, ‘पाटकऱ्याचा’ असल्या शब्दांतला ऱ्य फुटतो, रफार एक अक्षर पुढं सरकतो. संगणकाला ‘शोधा आणि बदला’ म्हणावं तर तो नको तिथंही बदलतो. तीनशेवीस पानं डोळ्यांखालून घालायची, दुसरा इलाज नाही.

नावसूचीचं काम मात्र मार्गी लागलं आहे. शहरातल्याच एका महाविद्यालयाच्या इतिहास विभागाशी आम्ही ठरवलं, की पदव्युत्तर वर्गातल्या चार मुलांनी प्रकल्प म्हणून या पुस्तकाची सूची करायची. आम्ही त्यांना सूची कशी करतात ते शिकवायचं, पुस्तकात त्यांची नावं छापायची आणि मानधन द्यायचं. पहिल्या खेपेला त्यांनी एकाच गावाच्या तीन वेगवेगळ्या नोंदी केल्या, कारण कागदांत गावाचं नाव तीन तऱ्हांनी येतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि लिहिणारा कारकून कानाला पटेल तसं लिहितो. दुसऱ्या खेपेला मुलं स्वतःच तालुक्याचा नकाशा घेऊन बसली. सूची नसलेला मराठी संशोधनग्रंथ ही इतकी नित्याची गोष्ट आहे, की वाचकानं तक्रार करायचंही सोडून दिलं आहे. पुढच्या अभ्यासकाला मात्र त्यामुळे सगळं पुस्तक पहिल्यापासून चाळावं लागतं.

सकाळी १०.३०

हा फोन आठवड्यातून एकदा तरी येतोच.

“मॅडम, आयएसबीएनसकट पुस्तक काढायचं आहे. किती दिवस लागतील, आणि दर काय?”

“विषय काय आहे, सर?”

“प्रबंधच आहे. शोधगंगेवर आहे बघा. फक्त पुस्तकरूपात हवाय. मार्चच्या आत.”

आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा, एवढंच. तो क्रमांक पुस्तकाच्या दर्जाबद्दल काहीही सांगत नाही. पण प्राध्यापकांच्या बढतीच्या गुणांमध्ये पुस्तकाला किंमत आली, तसा या क्रमांकाला भाव आला आणि ‘पंधरा दिवसांत पुस्तक’ देणारी दुकानं निघाली. फोनवरच्या सरांना मी दोष देत नाही. त्यांना बढती हवी आहे, नियम त्यांनी केलेले नाहीत.

आमची पद्धत सांगितली. आधी दोन जाणकार वाचतील. दोघांची टिपणं येतील, त्यानुसार लेखन सुधारायचं. सहा महिने तरी जातात. दोघांपैकी एकानं ‘नको’ म्हटलं तर तिसऱ्याला विचारतो आणि त्यानंही नको म्हटलं तर पुस्तक होत नाही.

“पण खर्च सगळा मीच करणार आहे ना?”

“म्हणूनच अडचण आहे, सर.”

‘कळवतो’ म्हणून त्यांनी फोन ठेवला. काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अशा कामाच्या दरात दोन महिन्यांचे पगार निघाले असते, हे त्यांना तोंडपाठ आहे. पण ज्याचं लेखन त्याचाच पैसा, अशा व्यवहारात ‘नाही’ म्हणायला कुणी उरत नाही. आणि आमच्याकडे विकण्यासारखं काही असेल तर ते एवढंच, की आम्ही कधीकधी नाही म्हणतो.

पाणीतंट्यांचं हस्तलिखित वाचणाऱ्यांपैकी एक इतिहासाचे अभ्यासक होते, दुसरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. इतिहासकारांनी चार पानी टिपण दिलं. अभियंत्यांनी दिलं अर्धं पान. त्यात पहिलंच वाक्य: ‘नकाशा क्र. ३ मध्ये पाट चढावर नेला आहे, पाणी तिकडे जाणार नाही.’ सरांनी जाऊन पाहिलं, तर कागदातल्या ओढ्याचं नाव दोन ओढ्यांना होतं आणि नकाशात दुसराच धरला गेला होता. त्या अर्ध्या पानानं एक अख्खं प्रकरण वाचलं.

सकाळी ११.३०

काकू वही घेऊन बसल्या. हिशेब असा.

पृष्ठं ३२०, म्हणजे सोळा पानी वीस फॉर्म. प्रती ४००. अक्षरजुळणी आणि मांडणी १६,०००. दोनदा मुद्रितशोधन १२,८००. दोन परीक्षकांचं मानधन १०,०००. नकाशे आणि सूची ११,२००. मुखपृष्ठ ६,०००. झाले ५६,०००. कागद, छपाई आणि शिलाईची पुठ्ठा बांधणी मिळून प्रतीला दीडशे, म्हणजे ६०,०००. एकूण १,१६,०००. पुस्तकावर जीएसटी नाही म्हणून लोक खूश असतात. कागदावर आणि छपाईवर तो आम्ही भरतो आणि त्याची वजावट मिळत नाही. दीडशेत तोही आला.

किंमत पाचशे ठेवायची. त्याहून वर गेलं तर शिक्षक आणि विद्यार्थी हात लावत नाहीत, फोटोकॉपी काढतात. विक्रेत्याला चाळीस टक्के गेले की हाती तीनशे. लेखकाचं मानधन छापील किमतीवर दहा टक्के, पन्नास. उरले अडीचशे. चारशेपैकी चाळीसेक प्रती लेखक, परीक्षणं आणि कायद्यानं द्यायच्या ग्रंथालयांना जातात. राहिलेल्या ३६० विकल्या तर येतात ९०,०००. म्हणजे शेवटची प्रत विकली गेली तरी २६,००० चा खड्डा. यात आमचे पगार नाहीत आणि शेवटची प्रत विकायला लागणारी चार-पाच वर्षंही नाहीत.

आता वाटेकरी. निधीनं नकाशे आणि सूचीचे ११,२०० द्यायचे आणि शंभर प्रती पाऊणपट किमतीला घेऊन तालुक्यातल्या शाळांना, वाचनालयांना द्यायच्या. प्रकाशनपूर्व सवलतीत चारशे रुपयांना ऐंशी वाचकांनी नावं नोंदवली आहेत. राहिल्या १८० प्रती, त्या दुकानांतून आणि ग्रंथालयांतून. पन्नासाचं मानधन वजा करून काकूंनी बेरीज केली: निधीकडून ३२,५००, वाचकांकडून २८,०००, बाजारातून ४५,०००, एकूण १,०५,५००. खर्च राहिला १,०४,८००.

“सातशे रुपये शिल्लक,” काकू म्हणाल्या, आणि पुढं, “सगळं जमलं तर.”

यात नवं काहीच नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला तो नागपुरात लिमिटेड कंपनी स्थापून, लोकांना भाग विकून आणि गावोगाव वर्गणीदार गाठून. १९२० च्या दशकात मराठीत तेवढा मोठा प्रकल्प उभा राहिला, त्यामागे एक कोणी धनिक नव्हता. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशासाठीही कोशमंडळच काढावं लागलं होतं. पुढं राज्य झालं, १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळ आलं, शासन हाच मोठा वाटेकरी झाला आणि मराठी प्रकाशकाला थोडी सुस्ती आली. शासकीय अनुदानासाठी अर्ज आम्हीही करतो. पण एकाच खांद्यावर सगळं ओझं ठेवलं, की तो खांदा हलला त्या वर्षी पुस्तक निघत नाही, हा अनुभव या धंद्यातल्या प्रत्येकाला आहे. म्हणून एका पुस्तकाला चार लहान वाटेकरी असलेले बरे.

दुपारी १.१५

डबा खाता खाता पत्रव्यवहार. राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाकडे निवडीसाठी पाठवायच्या पुस्तकांची यादी करायची आहे. कोलकात्याचं राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान आणि राज्य शासन दोघं वाटा घालून सार्वजनिक ग्रंथालयांसाठी खरेदी करतात. त्यात एखादं पुस्तक लागलं तर उरलेल्या प्रती एकदम हलतात. न लागलं तर कपाटात राहतात. यावर हिशेब मांडायचा नसतो, नुसता अर्ज करायचा असतो.

दुपारी २.३०

एरंडवण्यातला बंगला. निधीचे अध्यक्ष ऐंशीच्या पुढचे, त्यांचे पुतणे सनदी लेखापाल. चहा, चिवडा. मी टाळाटाळ न करता सुधारलेलं पान समोर ठेवलं आणि काय बदललं ते सांगितलं.

अध्यक्षांनी चष्मा बदलून दोनदा वाचलं. “म्हणजे हे आमचेच.”

“हो.”

“अहो, तुम्ही परवा म्हणालात १७७०. वडिलांच्या वेळचं म्हणून मी घरात सांगून बसलो. आता एकदम आमच्या शाखेवर?”

“तारीख जिल्कादची आहे, काका. वर्ष ओलांडलेलं आहे.”

पुतण्यानं सरळ विचारलं, “हा परिच्छेद थोडा सौम्य करता येईल का? बनावटच्या ऐवजी शंकास्पद म्हणा. शेवटी छापायला पैसे आम्ही देतोय.”

“नकाशे आणि सूचीला देताय,” मी म्हटलं. “कराराचं चौथं कलम बघा.” त्या कलमात लिहिलेलं आहे, की मजकुराबाबतचा अंतिम निर्णय लेखक आणि संपादक यांचा राहील आणि साहाय्य करणाऱ्या संस्थेचा उल्लेख श्रेयपानावर होईल. हे कलम आम्ही प्रत्येक करारात घालतो, अगदी पाच हजारांच्या देणगीच्या पत्रातही. पैसा, जागा, अंगमेहनत, गोदाम, विक्री, सगळ्यात वाटेकरी चालतात. कागदात काय आहे आणि त्याचा अर्थ काय लावायचा, यात चालत नाहीत.

अध्यक्ष काही बोलेनात. त्यांच्या दिवाणखान्यात औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींची सूर्यनमस्काराची तसबीर आहे, तिच्याकडे बघून मी भांडारकर संस्थेची गोष्ट काढली. इथून ती चालत जाण्याच्या अंतरावर. १९१८ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती संस्थेनं काढावी म्हणून पंतप्रतिनिधींनी आग्रह धरला आणि त्यासाठी एक लाख रुपये द्यायचं कबूल केलं. काम पुरं व्हायला १९६६ उजाडलं. मधल्या काळात मुंबई सरकार, बडोद्यासारखी संस्थानं, हैदराबादचे निजाम अशा कितीतरी जणांचा पैसा त्यात आला. पाठ ताडून पाहण्याचं काम पुण्याबरोबरच शांतिनिकेतनात आणि तंजावरच्या सरस्वती महालातही झालं. सभापर्वाचं संपादन केलं ते येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टननी.

“आणि पंतप्रतिनिधी स्वतः कीर्तनकार,” अध्यक्ष म्हणाले. “चित्रकारही.”

“तर त्या आवृत्तीत व्यासांचा लेखनिक झालेला गणपती मुख्य संहितेत नाही. प्रधान संपादक डॉ. सुकथनकरांना पोथ्यांचा आधार पुरेसा वाटला नाही, त्यांनी तो भाग परिशिष्टात टाकला. द्रौपदीनं कृष्णाचा धावा केला तो मजकूरही एजर्टननी संहितेतून काढून खाली तळटिपांत नेला. पैसे देणाऱ्यांत भाविक काय थोडे असतील? पण संहिता पोथ्यांवरून ठरली. म्हणून आज जगात कुठंही महाभारतावर लिहिणारा माणूस आधी पुण्याची प्रत उघडतो.”

पुतण्या हसला. “म्हणजे आमचा गणपती परिशिष्टात.”

“तुमचा मुख्य संहितेतच आहे, तीच तर तक्रार आहे तुमची.”

यावर अध्यक्षही हसले आणि मग त्यांनी मला खरोखर अनपेक्षित प्रश्न विचारला: “आमच्याकडे उलट पुरावा असला तर?”

“तर तो हवाच आहे.”

गावच्या वाड्यात माळ्यावर एक पेटारा आहे म्हणाले. रुमालात बांधलेले कागद, कुणी उघडलेले नाहीत, मोडी घरात आता कुणाला येत नाही. मी सांगितलं, सर येऊन वाचतील. जे निघेल ते छापलं जाईल, तुमच्या बाजूचं असो वा नसो. आणि सगळ्या कागदांची छायाचित्रं काढून एक संच पुराभिलेखागाराला किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला द्यायचा. ‘घरात विचारून सांगतो’ म्हणाले.

दुपारी ४.१५

पोस्ट. काकूंनी पार्सलं बांधून ठेवली होती. छापील पुस्तकांची नोंदणीकृत जुनी सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा लहान प्रकाशकांचे हाल झाले. पाचशेच्या पुस्तकाला कुरिअरचे शंभर-सव्वाशे कोण देणार? मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं आहे, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, वर कर. मात्र धंदेवाईक छापील मजकूर त्यात चालत नाही. ऐंशी पूर्वनोंदणीदारांपैकी निम्मे पुण्याबाहेरचे आहेत. टपाल स्वस्त नसेल तर त्यांची नोंदणी कागदावरच राहते.

याच खेपेत गेल्या महिन्यात निघालेल्या पुस्तकाच्या चार प्रती रवाना केल्या: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, दिल्ली पब्लिक लायब्ररी. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशनापासून तीस दिवसांत स्वखर्चानं पाठवायच्या असतात. कुरकुर करणारे प्रकाशक आहेत. मला हा खर्च सगळ्यात रास्त वाटतो. आम्ही बंद पडलो तरी चार गावांत पुस्तक राहील.

संध्याकाळी ५.३०

नऱ्ह्याच्या छापखान्यात दुसऱ्या एका पुस्तकाचे फॉर्म बघायला गेले. काळ्या शाईची गडदता फॉर्मागणिक बदलत होती. सातवा फॉर्म फिका, आठवा ठसठशीत. मालकांनी न सांगता सातवा पुन्हा छापायला घेतला. मोठ्या प्रकाशकांची पाठ्यपुस्तकं त्यांच्या यंत्रावर असतात, आमच्या चारशे प्रती मधल्या फटीत बसवतात आणि पैसे तीन हप्त्यांत घेतात. श्रेयपानावर मुद्रकाचं नाव असतंच. खरं तर त्यांचंही नाव साहाय्यकांच्या यादीत हवं. हप्त्यांवरचं व्याज धरलं तर कुठल्याही अनुदानाएवढं होईल.

रात्री ८.३०

अमेरिकेतल्या एका विद्यापीठ प्रकाशनाच्या संपादिकेशी बोलणं. तिकडे सकाळ. वारीच्या वाटेवरच्या धर्मशाळांवरच्या आमच्या एका जुन्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद त्यांना काढायचा आहे.

मराठी संशोधन बाहेर गेलं आहे ते बहुधा अशाच साखळीतून. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशननं काढला, पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला ऑक्सफर्डनं काढला आणि आज तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतो. रा. चिं. ढेरे यांचं श्रीविठ्ठलावरचं १९८४ चं पुस्तक फेल्डहाउसबाईंच्याच अनुवादातून २०११ मध्ये ऑक्सफर्डकडून आलं आणि भारतात ते रानीखेतच्या पर्मनंट ब्लॅकनं आणलं. पर्मनंट ब्लॅक म्हणजे रुकुन अडवाणी आणि अनुराधा रॉय या दोघांनी २००० मध्ये काढलेली संस्था. वितरण ओरिएंट ब्लॅकस्वानकडे, एक मालिका अशोका विद्यापीठाबरोबर, परदेशी आवृत्त्या तिथल्या विद्यापीठ प्रकाशनांकडे. हिमालयात बसून इतिहासाची यादी चालवता येते ती यामुळे. ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ ग्रंथालीकडून २००३ मध्ये आलं, माया पंडितांचा अनुवाद कोलकात्याच्या स्त्री प्रकाशननं २००८ मध्ये काढला आणि दुसऱ्या वर्षी कोलंबिया विद्यापीठानं. या साखळीतला कुणी एक जण सगळं काम करू शकला नसता.

आजच्या बोलण्यात बरंच ठरलं. दक्षिण आशियाबाहेरचे हक्क त्यांचे. भारतातली आवृत्ती आमची, इथल्या किमतीला. अनुवादकाचं मानधन दोन वाटे त्यांचे, एक आमचा. इंग्रजी परीक्षण ते करतील, अनुवाद मुळाशी ताडून पाहणं आमच्याकडे. घोडं अडलं ते परिशिष्टावर. मूळ मराठी कागदांची साठ पानं वगळा म्हणाल्या, तिकडे वाचणार कोण? मी म्हटलं, पडताळून पाहणारा एकच असेल, पण त्याच्यासाठीच ती आहेत. शेवटी ठरलं, की भारतीय आवृत्तीत परिशिष्ट पूर्ण राहील आणि त्यांच्या आवृत्तीबरोबर ते ऑनलाइन मोफत ठेवायचं.

‘सगळं पुस्तकच मोफत का नको?’ हेही त्यांनी विचारलं. केंब्रिजमध्ये प्राध्यापकांनीच २००८ मध्ये काढलेली ओपन बुक पब्लिशर्स ही संस्था तसं करते: ऑनलाइन वाचन मोफत, छापील प्रत विकत, आणि जगभरच्या ग्रंथालयांची वार्षिक वर्गणी. मला ते पटतं. पण आमच्याकडे अशी वर्गणी देणारी महाविद्यालयीन ग्रंथालयं अजून तयार व्हायची आहेत. तोवर तीन वर्षांनी मराठी पुस्तकाची पीडीएफ खुली करायची, इतपत आम्ही आलो आहोत.

रात्री ९.४०

अध्यक्षांचा फोन.

“घरात बोललो. मुलगा जरा नाराज आहे, सून म्हणाली छापा. सुनेचं ऐकायचं ठरलं.”

“आभारी आहे, काका.”

“पेटाऱ्याचंही हो म्हणतोय. सरांना दिवाळीआधी यायला सांगा, माळ्यावर पावसाचं पाणी येतं. आणि एक विचारायचं होतं. मलपृष्ठावर निधीच्या वतीनं माझा एक फोटो...”

“मलपृष्ठावर बारकोड असतो, काका.”

“बारकोड केवढा असतो?”

“बंधाऱ्याचा फोटो लावू या. तुमच्याच गावचा.”

थोडं थांबून ते म्हणाले, “पाणी असताना काढा मग.”

सरांना पेटाऱ्याचं कळवलं. त्यांनी दोन परिच्छेदांची सुधारित प्रत आधीच पाठवली होती. पेटाऱ्याबद्दल वाचून लगेच लिहिलं, की कागद कामाचे निघाले तर एक प्रकरण वाढेल. म्हणजे दोन फॉर्म जास्त, नकाशा आणखी एक, सूची पुन्हा पहिल्यापासून, आणि पूर्वनोंदणी केलेल्या ऐंशी जणांना उशिराचं पत्र. काकूंचे सातशे रुपये तर पहिल्या फॉर्मातच गेले. उद्या नव्यानं हिशेब मांडायचा आणि पाचवा वाटेकरी शोधायचा.